प्रशिक्षणाचा उपयोग झाला का? सरकारी नोंदींतून उत्तर शोधण्याची पद्धत

रोजगार प्रशिक्षणाच्या जवळजवळ प्रत्येक अहवालात एक वाक्य असतंच: प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांपैकी अमुक टक्के उमेदवारांना नोकरी लागली. आकडा मोठा असला की योजना यशस्वी आणि छोटा असला की फसली, असा निकाल देऊन सगळे मोकळे होतात. पण हीच माणसं प्रशिक्षणाला आली नसती, तर त्यांच्यातल्या किती जणांना नोकरी लागली असती, याचा त्या वाक्यात पत्ताच नसतो. हातात चांगली पदवी आणि ओळखीपाळखी असलेल्या उमेदवारांची बॅच घेतली, तर वर्गात काहीही न शिकवतासुद्धा तो आकडा छान दिसेल. आणि ज्यांना कुणी दारात उभं करत नाही अशांना घेऊन एखाद्या संस्थेने जीव तोडून काम केलं, तर तिचा आकडा कायम कमीच दिसेल. चुकीच्या मोजमापाने या दुसऱ्या संस्थेवर अन्याय होतो, म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो.

हे मोजण्याचं एक चांगलं साधन सरकारकडे आधीच तयार असतं. पगाराच्या, विम्याच्या, भविष्यनिर्वाह निधीच्या, कराच्या नोंदी वर्षानुवर्षं साठत असतात. सर्वेक्षणासाठी माणसं शोधत फिरावं लागत नाही. तीन वर्षांपूर्वी किती कमावत होतात, असा प्रश्न विचारून अंदाजी उत्तर घ्यावं लागत नाही. शिवाय प्रशिक्षण घेतलेला आणि न घेतलेला, दोघांचंही उत्पन्न एकाच फूटपट्टीने मोजलं जातं. मात्र या नोंदी तुमच्या प्रश्नासाठी तयार झालेल्या नाहीत. त्यांतली प्रत्येक रिकामी जागा काहीतरी सांगत असते, आणि ती नीट वाचली नाही की उत्तर चुकतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या एका अर्थाने रिकाम्या जागा वाचण्याच्याच आहेत.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

डेटा मागण्याआधी चार गोष्टी लिहून ठेवा आणि नंतर त्यांत बदल करू नका.

कोणाचा परिणाम मोजायचा? माझं उत्तर ठाम आहे: प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाचा. फक्त प्रमाणपत्र मिळालेल्यांचा हिशेब केला की जे मधेच सोडून गेले ते गायब होतात, आणि सोडून जाणारे सहसा जास्त अडचणीतले असतात. उलटही घडतं. कोर्स चालू असतानाच चांगली नोकरी मिळाली म्हणून काही जण जातात. दोन्हीकडून चित्र बिघडतं.

घड्याळ कधी सुरू करायचं? प्रवेशाच्या तारखेपासून. कोर्स संपल्याच्या तारखेपासून मोजलं, तर वर्गात घालवलेले महिने फुकट मिळाल्यासारखे होतात. त्या काळात माणूस कामाला जाऊ शकत नाही, त्याचं उत्पन्न बुडतं, आणि हा प्रशिक्षणाचा खरा खर्च असतो. सुरुवातीच्या महिन्यांत प्रशिक्षणार्थी इतरांपेक्षा मागे दिसतात ते याचमुळे.

काय मोजायचं? दोन गोष्टींपासून सुरुवात करा: त्या तिमाहीत नोकरी होती की नाही, आणि त्या तिमाहीत एकूण किती पगार मिळाला.

किती काळ मोजायचं? शक्य असेल तर किमान तीन वर्षं. डेव्हिड कार्ड, योखेन क्लूव्ह आणि आंद्रेआ वेबर यांनी २०१८ मध्ये जगभरातल्या दोनशेहून अधिक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. योजना संपल्यानंतर लगेचच्या काळात सरासरी परिणाम शून्याच्या आसपास होता आणि दोन-तीन वर्षांनी तो वाढलेला दिसला. म्हणजे सहा महिन्यांत निकाल लावणारा मूल्यमापक चांगली योजना बंद पाडू शकतो. नोंदी पुढेही आपोआप साठत राहतात, हा इथे त्यांचा मोठा फायदा.

दुसरी पायरी: नोंद कुठे जन्मते ते बघा

या पायरीला लोक सर्वांत कमी वेळ देतात. माझ्या मते सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा.

अमेरिकेतल्या बेरोजगारी विम्याच्या वेतननोंदी घ्या. तिथल्या प्रशिक्षण योजनांची कित्येक मूल्यमापनं याच नोंदींवर झाली आहेत. नियोक्ता दर तिमाहीला प्रत्येक कर्मचाऱ्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक (तिथला नऊ आकडी सरकारी ओळखक्रमांक) आणि त्या तिमाहीत दिलेला एकूण पगार राज्य सरकारला कळवतो. विम्याचा हप्ता आणि बेरोजगारी भत्ता ठरवायला एवढी माहिती पुरते, म्हणून फाइलमध्ये तेवढीच असते. किती तास काम केलं हे बहुतेक राज्यांत नोंदवलं जात नाही. माणूस कोणतं काम करत होता, हेही सहसा नसतं. एखाद्यापुढे तिमाहीचे बारा हजार दिसले, तर ते तीन महिने चार-चार हजारांचे असू शकतात, किंवा शेवटच्या एका महिन्यात लागलेल्या चांगल्या नोकरीचे. फाइलला दोघं सारखेच.

आता या फाइलमध्ये काय नाही ते बघा. स्वतःचा धंदा करणारा नाही. स्वतंत्र कंत्राटी काम करणारा नाही. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि लष्करातले लोक राज्यांच्या या फाइलींत नसतात. राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या राज्यात नोकरीला गेलेलाही आपल्या राज्याच्या फाइलमध्ये दिसत नाही. रोखीने पगार घेणारा तर कुठेच नाही. हे सगळे लोक कमावतात, पण नोंदीत त्यांच्यापुढे रिकामी जागा असते आणि आपण तिथे शून्य लिहितो.

ही तफावत किती मोठी असू शकते, हे जेटीपीए या अमेरिकी प्रशिक्षण योजनेच्या राष्ट्रीय अभ्यासात तपासून बघता आलं. त्या अभ्यासात १६ ठिकाणच्या सुमारे २० हजार अर्जदारांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली होती: एका गटाला योजनेत प्रवेश, दुसऱ्याला नाही. त्यांचं उत्पन्न सर्वेक्षणातूनही विचारलं गेलं आणि वेतननोंदींतूनही काढलं गेलं. रॉबर्ट कॉर्नफेल्ड आणि हॉवर्ड ब्लूम यांनी १९९९ मध्ये दोन्हींची तुलना प्रसिद्ध केली. सर्वेक्षणातलं उत्पन्न नोंदींपेक्षा बरंच जास्त होतं, पण दोन गटांमधला फरक, म्हणजे योजनेचा परिणाम, बहुतेक उपगटांसाठी दोन्हीकडे जवळजवळ सारखाच निघाला. दोन्ही गटांतलं उत्पन्न सारख्याच प्रमाणात निसटत असेल, तर फरक शाबूत राहतो.

पण ते सारख्या प्रमाणात निसटत नसेल तर? प्रशिक्षण शिवणकामाचं किंवा दुरुस्तीचं असेल आणि शिकलेले लोक स्वतःचं दुकान टाकत असतील, तर यशस्वी माणूसच नोंदीतून गायब होतो आणि योजना अपयशी ठरते. याच्या उलट, प्रशिक्षणामुळे माणूस रोखीच्या कामातून पगारपत्रकावर गेला, तर नोंदीत त्याचं उत्पन्न शून्यावरून एकदम वर गेलेलं दिसतं, प्रत्यक्षात ते थोडंच वाढलेलं असतं. असंघटित क्षेत्र मोठं असलेल्या देशांत हा प्रश्न कळीचा आहे. कोलंबियातल्या ‘होवेनेस एन अक्सिओन’ या तरुणांच्या योजनेत प्रवेशासाठी सोडत काढली गेली होती. त्या योजनेच्या दूरच्या परिणामांचा अभ्यास औपचारिक रोजगाराच्या सरकारी नोंदींवर झाला आणि औपचारिक नोकरीत जाण्याचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हा निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो ‘औपचारिक नोकरी’ याच शब्दांत लिहायला हवा. ‘रोजगार’ असा मोघम शब्द तिथे चालणार नाही.

म्हणून एक साधं काम करा. एका कागदावर दोन रकाने आखा. एकीकडे ‘या नोंदीत कोण येतं’ आणि दुसरीकडे ‘कोण येत नाही’. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक प्रकारापुढे लिहा की प्रशिक्षणामुळे माणसं त्या प्रकारात जाण्याची शक्यता वाढते की कमी होते. निकाल हाती आल्यावर हाच कागद पुन्हा उघडायचा आहे.

तिसरी पायरी: परवानगी आणि ओळख लपवणं

वेळ धरून चाला. नोंदींची मालकी एका खात्याकडे, प्रशिक्षणाची यादी दुसऱ्याकडे, आणि दोघांनाही कायद्याने ठरलेल्या कारणांपलीकडे माहिती देता येत नाही. अर्ज लिहिताना ‘संशोधनासाठी सर्व माहिती मिळावी’ असं कधीच लिहू नका. कोणते रकाने, कोणत्या तिमाही, कोणत्या प्रश्नासाठी, किती काळासाठी आणि काम झाल्यावर नोंदी नष्ट कशा करणार, हे सगळं सांगा. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याला सही करायची असते आणि उद्या उत्तरही त्यालाच द्यायचं असतं. त्याच्या फाइलमध्ये ठेवता येईल असं कारण तुम्ही त्याला दिलं, तर काम पुढे सरकतं. त्या खात्याला उपयोगी पडेल असा एखादा तक्ताही करून द्यायची तयारी दाखवा. मी हे मनापासून सांगतो, कारण आपण फक्त मागायला जातो आणि ते फक्त नाकारायला बसतात, असं नातं फार दिवस टिकत नाही.

सुरक्षित रचना अशी: जोडणी करणारी व्यक्ती ओळखक्रमांक बघते पण पगार बघत नाही, आणि विश्लेषण करणारी व्यक्ती पगार बघते पण नावं बघत नाही. मध्ये एक निरर्थक संकेतांक असतो.

इथे एक चूक सर्रास होते. ओळखक्रमांकाचं हॅश केलं, म्हणजे ठरलेल्या सूत्राने त्याचं न ओळखू येणाऱ्या अक्षर-आकड्यांत रूपांतर केलं, की तो लपला, असा समज असतो. नऊ आकडी क्रमांकाच्या सगळ्या शक्यता मिळून शंभर कोटीच होतात. साधा संगणक त्या सगळ्यांचं हॅश काढून उलटी यादी बनवू शकतो, तेही काही मिनिटांत. म्हणून हॅश गुप्त किल्ली वापरून करायचं, आणि ती किल्ली विश्लेषकाकडे असता कामा नये.

चौथी पायरी: प्रशिक्षणाची यादी साफ करा

पगाराची नोंद वाईट असेल अशी सगळ्यांना भीती असते. माझा अनुभव उलटा आहे. पगाराच्या नोंदीत पैसा गुंतलेला असतो, म्हणून ती बऱ्यापैकी नेटकी असते. प्रशिक्षणाच्या यादीतली तारीख मात्र कुणाच्या खिशाला लागत नाही.

एका योजनेच्या यादीवर काम करताना आम्ही ‘कोर्स समाप्ती’ हा रकाना जसाच्या तसा धरला होता. आलेख काढल्यावर दिसलं की समाप्तीच्या बऱ्याच आधीपासून लोकांना पगार सुरू झालेला आहे. आधी वाटलं, लोक शिकता शिकता कमावत असावेत. शेवटी केंद्रावर जाऊन रजिस्टर बघितलं. प्रमाणपत्रं ज्या दिवशी छापून आली, त्या दिवशी संगणकात समाप्तीची नोंद होत होती. वर्ग त्याच्या कितीतरी आधी संपलेले होते. त्या केंद्रातल्या लिपिकाला हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून मी काही गोष्टी न चुकता तपासतो. एकाच तारखेला किती जणांचा प्रवेश नोंदला आहे? महिन्याची पहिली तारीख किंवा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस यांवर ढीग दिसला, तर ती नोंद करण्याची तारीख आहे, प्रवेशाची नाही. एकच माणूस दोन कोर्सेसमध्ये आहे का? असेल तर पहिला प्रवेश धरा आणि दुसऱ्याचा वेगळा शेरा ठेवा. प्रवेश झाला पण एकही दिवस आला नाही, असे किती? त्यांना काढून टाकू नका. वेगळी खूण करून यादीतच ठेवा. आणि नाकारलेले अर्ज अजून जपून ठेवले आहेत का, हे आजच विचारा. बऱ्याच ठिकाणी ते टाकून दिले जातात. पुढे त्यांची किती गरज पडते, ते सातव्या पायरीत येईल.

पाचवी पायरी: दोन फाइली जोडा

दोन्हीकडे एकच ओळखक्रमांक असेल तर काम सोपं. तरी क्रमांक जुळल्यावर नाव आणि जन्मवर्षही पडताळा. टंकताना दोन आकडे उलटसुलट झाले, की कुण्या भलत्याच माणसाचा पगार आपल्या प्रशिक्षणार्थीच्या नावावर चढतो.

क्रमांक नसेल तर नाव, जन्मतारीख, लिंग आणि पत्ता यांवरून जुळवावं लागतं. इव्हान फेलेगी आणि ॲलन सुंटर यांनी १९६९ मध्ये यासाठी जी गणिती मांडणी केली, तिच्यावर आजही बरंच काम उभं आहे. तिचं मर्म सोपं आहे. प्रत्येक जुळणाऱ्या रकान्याला वजन द्यायचं, आणि दुर्मिळ गोष्ट जुळली तर जास्त वजन. विरळ आडनाव जुळणं म्हणजे मोठा पुरावा, सर्वत्र आढळणारं आडनाव जुळणं म्हणजे छोटा. ज्यांची खरी जन्मतारीख कुणाला ठाऊक नसते त्यांच्यापुढे पुष्कळदा १ जानेवारी लिहिलेलं असतं. म्हणून ती तारीख जुळली तर फार हुरळून जाऊ नका. एकूण वजन खूप जास्त असेल तर जोडी पक्की, खूप कमी असेल तर नाही, आणि मधल्या जोड्या माणसाने डोळ्यांखालून घालायच्या.

जुळणी किती टक्के झाली यापेक्षा ती कोणाची झाली नाही, हे जास्त महत्त्वाचं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रिया, पत्ता सतत बदलणारे स्थलांतरित, ज्यांचं नाव वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलं जातं असे लोक: हे सगळे न जुळणाऱ्यांत जास्त सापडतात. न जुळलेल्याला बेरोजगार समजलं, तर स्त्रियांना प्रशिक्षणाचा उपयोग होत नाही, असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. स्त्री-पुरुष, वयोगट, केंद्र आणि प्रशिक्षण गट-तुलना गट (म्हणजे ज्यांच्याशी तुलना करायची ते प्रशिक्षण न घेतलेले लोक) यांनुसार जुळणीचं प्रमाण वेगवेगळं काढा. फरक मोठा असेल तर पुढे जाऊ नका, आधी जुळणी सुधारा.

सहावी पायरी: तिमाहीचा तक्ता बांधा

वेतनाच्या फाइलमध्ये फक्त कमावणाऱ्यांच्या ओळी असतात. ज्या तिमाहीत पगार नाही, त्या तिमाहीची ओळच नसते. त्यामुळे नुसती सरासरी काढली, तर ती फक्त नोकरीवर असलेल्यांची सरासरी होते. म्हणून आधी प्रत्येक माणूस आणि प्रत्येक तिमाही यांचा पूर्ण सांगाडा बनवा, मग त्यात पगार भरा. जिथे काही आलं नाही तिथे शून्य. मृत्यूची नोंद मिळत असेल तर त्या तारखेनंतर शून्यही लिहू नका.

एका तिमाहीत दोन-तीन नियोक्ते असतील तर बेरीज करा. महागाईनुसार सगळे आकडे एका वर्षाच्या किमतीत आणा. मग कॅलेंडरची तिमाही बदलून प्रवेशापासूनची तिमाही करा: प्रवेशाची ती शून्य, आधीची वजा एक, नंतरची अधिक एक. प्रवेशाआधीच्या किमान आठ तिमाही हव्यातच. त्या का हव्यात, हे पुढे आहे. अवाढव्य आकडे दिसले तर दशांश चिन्ह घसरलंय का, की थकबाकी एकदम मिळाली, हे बघा. पण नुसते मोठे आहेत म्हणून ते पुसू नका.

सातवी पायरी: तुलना कोणाशी?

सगळी मेख इथे आहे. एक हिशेब करून बघू. समजा, एका प्रशिक्षण गटाचं सरासरी तिमाही उत्पन्न प्रवेशाच्या दोन वर्षं आधी ३० हजार होतं. प्रवेशाच्या तीन तिमाही आधी ते २४ हजारांवर आलं, मग १५ हजार, आणि प्रवेशाच्या आदल्या तिमाहीत ६ हजार. प्रशिक्षणानंतर दोन वर्षांनी ते २७ हजार आहे. ६ हजारांवरून २७ हजार, म्हणजे २१ हजारांची वाढ! अहवाल लिहिणाऱ्याला मोह होणारच. पण जुन्या ३० हजारांशी तुलना केली, तर तीन हजारांची घट दिसते. एकच गट, एकच फाइल आणि दोन परस्परविरोधी उत्तरं.

हा खड्डा योगायोगाने पडलेला नाही. माणूस प्रशिक्षणाकडे वळतो तोच मुळी नोकरी गेल्यावर किंवा काम कमी झाल्यावर. अर्थतज्ज्ञ ऑर्ली ॲशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकी सामाजिक सुरक्षेच्या नोंदी वापरून १९६४ च्या प्रशिक्षणार्थींचा अभ्यास केला, तेव्हा प्रवेशाआधीची ही घसरण स्पष्ट दिसली. आजही तिला त्यांच्याच नावाने ओळखतात. खड्ड्यात पडलेल्यांतले बरेच जण प्रशिक्षणाशिवायही थोडेफार वर येतात. प्रश्न एवढाच, की ते किती वर आले असते? आपल्या उदाहरणात असाच खड्डा पडलेला पण प्रशिक्षण न मिळालेला गट २५ हजारांपर्यंत आला असेल, तर प्रशिक्षणाचा परिणाम दोन हजार. २१ हजारही नाही आणि वजा तीन हजारही नाही.

असा गट कुठून आणायचा? सर्वांत उत्तम म्हणजे सोडत. जागांपेक्षा अर्ज जास्त असतील आणि निवड सोडतीने झाली असेल, तर न निवडलेले अर्जदार हाच तुमचा तुलना गट. तुर्कस्तानात बेरोजगारांच्या प्रशिक्षणाचं मूल्यमापन असंच झालं. जास्त मागणी असलेल्या कोर्सेसमध्ये सोडत काढली आणि नंतर सामाजिक सुरक्षेच्या नोंदींतून तीन वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. सुरुवातीला दिसलेला थोडासा फायदा पुढे विरून गेला. नोंदी नसत्या आणि सर्वेक्षणावरच थांबले असते, तर हे कळलंच नसतं. गरजू माणसाला चिठ्ठीवर सोडणं काहींना क्रूर वाटतं. ती भावना मला समजते. पण जागा मोजक्याच असतील तेव्हा ओळखीने निवडण्यापेक्षा चिठ्ठी मला जास्त न्याय्य वाटते.

सोडत झाली नसेल तर प्रवेश परीक्षेच्या गुणांची मर्यादा बघा. मर्यादेच्या किंचित वर आणि किंचित खाली असलेल्यांत फार फरक नसतो. तेही नसेल तर प्रतीक्षायादी किंवा पुढच्या बॅचमध्ये आलेले लोक. त्यांनाही शिकायची तितकीच ओढ होती, फक्त वेळ वेगळी. म्हणूनच नाकारलेले अर्ज जपायचे.

यांपैकी काहीच नसेल तर नोंदींतूनच जुळे शोधावे लागतात: तेच वय, तेच लिंग, तोच भाग, तसाच रोजगाराचा इतिहास आणि त्याच तिमाहीत पडलेला तसाच खड्डा. आठ तिमाही मागितल्या त्या याचसाठी. मात्र या मार्गावर सावध राहा. रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये एक अस्वस्थ करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ या अमेरिकी रोजगार योजनेत चिठ्ठ्या टाकून गट केलेले होते, त्यामुळे खरं उत्तर माहीत होतं. पुरुषांसाठी वर्षाला सुमारे ८८६ डॉलरची वाढ. मग त्यांनी तो खरा तुलना गट बाजूला ठेवला, त्याच्या जागी राष्ट्रीय सर्वेक्षणांतली माणसं घेतली आणि त्या काळच्या रूढ संख्याशास्त्रीय पद्धती लावल्या. उत्तरं सगळीकडे विखुरली. काही पद्धतींनुसार तर योजनेमुळे उत्पन्न घटलं होतं. पुढे राजीव देहेजिया आणि सादेक वाहबा यांनी १९९९ मध्ये जुळवणीच्या पद्धतीने त्याच डेटातून खऱ्याच्या जवळचं उत्तर काढलं, आणि ते कितपत टिकाऊ आहे यावर जेफ्री स्मिथ आणि पेट्रा टॉड यांनी २००५ मध्ये शंका घेतली. तो वाद वाचण्यासारखा आहे. जेम्स हेकमन, हिदेहिको इचिमुरा आणि टॉड यांच्या १९९७ च्या कामातून व्यवहारात वापरता येईल असा धडा मिळतो: तुलना गट त्याच स्थानिक श्रमबाजारातला असावा आणि दोन्ही गटांची माहिती एकाच साधनाने गोळा झालेली असावी. यातली दुसरी अट सरकारी नोंदी आपसूक पूर्ण करतात. पहिली तुम्हाला पाळावी लागते.

असे जुळे नीट जमले की नाही, हे तपासायची एक युक्ती आहे. जुळवताना खड्डा असलेल्या वजा चार ते वजा एक एवढ्याच तिमाही वापरा आणि वजा आठ ते वजा पाच झाकून ठेवा. मग त्या उघडा. प्रशिक्षण सुरूच झालेलं नसताना दोन गटांत फरक दिसत असेल, तर प्रशिक्षणानंतर दिसणाऱ्या फरकावरही विश्वास ठेवता येणार नाही. अशा वेळी अहवाल पुढे रेटण्यापेक्षा ‘या डेटातून उत्तर मिळत नाही’ असं लिहून देणं बरं. ते लिहायला धैर्य लागतं, पण वरिष्ठांना ते ऐकण्याची सवय आपणच लावायची असते.

आठवी पायरी: निकाल वाचा

पहिला आलेख प्रत्येक तिमाहीचा, दोन्ही गटांच्या दोन रेषांचा. प्रवेशाआधी रेषा एकमेकींवर असाव्यात, प्रशिक्षणाच्या काळात आपली रेषा खाली जावी, आणि मग ती कधी वर चढते ते बघायचं. एका सरासरी आकड्यात हा प्रवास हरवतो. नोकरी मिळण्याचा परिणाम आणि पगाराचा परिणाम वेगळे ठेवा. फक्त नोकरीवर असलेल्यांच्या पगाराची दोन गटांत तुलना करू नका, कारण प्रशिक्षणामुळे नोकरीत आलेले नवखे लोक ती सरासरी खाली ओढतात आणि चांगली योजना वाईट दिसते.

अमेरिकेत २०१४ च्या कायद्यानुसार प्रशिक्षण योजनांना बाहेर पडल्यानंतरच्या दुसऱ्या आणि चौथ्या तिमाहीतला रोजगार कळवावा लागतो. देखरेखीला हे उपयोगी आहे. कोणत्या केंद्रात काही बिघडलंय, हे लवकर कळतं. पण त्यात तुलना गट नाही, म्हणून त्याला परिणाम म्हणता येत नाही. तुमच्याकडेही असे आकडे असतील, तर ते वेगळ्या प्रकरणात ठेवा.

आणखी एक शंका मनात ठेवा. आपल्या उमेदवाराला मिळालेली नोकरी दुसऱ्या कुणाला मिळायची होती का? फ्रान्समध्ये तरुणांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या योजनेवर मोठा प्रयोग झाला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लाभार्थ्यांना झालेल्या फायद्याचा काही भाग त्याच भागातल्या, मदत न मिळालेल्या तरुणांच्या तोट्यातून आला होता. लहान योजनेत हे फारसं जाणवत नाही, पण एकाच गावातल्या बहुतेक बेरोजगारांना एकच कौशल्य शिकवलं तर जाणवेल.

आता दुसऱ्या पायरीतला दोन रकान्यांचा कागद काढा. परिणाम शून्य आला आणि प्रशिक्षण स्वयंरोजगाराचं असेल, तर शून्य जाहीर करण्याआधी दोन्ही गटांतल्या शून्यवाल्यांपैकी काही जणांना, रीतसर परवानगी घेऊन, फोन करायची व्यवस्था करा. पन्नास-साठ फोनांतूनही कळतं की ते घरी बसलेत, दुकान चालवतायत की दुसऱ्या प्रांतात गेलेत. खात्याने फोनला परवानगी दिली नाही, तर प्रशिक्षकांशी बोला. आपली मुलं कुठे गेली, हे त्यांना बहुतेक वेळा ठाऊक असतं. तुलना गटाबद्दल मात्र त्यांना काही सांगता येणार नाही, तेवढी मर्यादा अहवालात लिहा.

तक्ते छापताना लहान कप्पे झाकायचे. एखाद्या गावातल्या एखाद्या कोर्सच्या तीनच स्त्रियांची सरासरी छापली, तर शेजारणीला कुणाचा पगार किती ते कळतं. किती जणांपेक्षा कमी असल्यास झाकायचं, ते करारातच ठरवून घ्या.

आणि शेवटच्या तिमाहीकडे विशेष लक्ष ठेवा. नियोक्ते उशिरा विवरणपत्रं भरतात आणि जुन्या विवरणपत्रांत दुरुस्त्या करतात, त्यामुळे सर्वांत ताज्या तिमाहीत रोजगार नेहमीच घसरल्यासारखा वाटतो. चार महिन्यांनी तोच उतारा पुन्हा काढला, तर त्याच तिमाहीत जास्त माणसं कामावर दिसतात. ताजी तिमाही हिशेबातून वगळा, आणि डेटा कोणत्या तारखेला काढला ती तारीख प्रत्येक तक्त्याखाली छापा.